नळीची जुनी पानं

४ फेब्रुवारी, मंगळवार

भावजी,

वॉर्डातले ते आजोबा वाचले. आज सकाळी त्यांना व्हेंटिलेटरवरून बाजूला केलं आणि श्वास ते स्वतःचा स्वतः घेतायत. अतिदक्षता विभागाच्या इन्चार्ज सिस्टरने मला स्वतः फोन करून सांगितलं, त्यामुळे ही जिन्यात ऐकलेली बातमी नाही. तुमच्या दादांनी रविवारी तुम्हाला फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं असेल, आणि जे सांगितलं असेल तेही उलटं. म्हणून नीट लिहिते.

या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आलेला, गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून पोटात नळी घातली होती. नळी पोटातच आहे ना, श्वासाच्या वाटेला नाही ना गेली, हे पाहिल्याशिवाय तिच्यातून थेंबसुद्धा द्यायचा नसतो. पूर्वी आम्ही सिरिंजने नळीत हवा सोडायचो आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून गुडगुड ऐकायचो. ही गुडगुड फसवते. नळी फुप्फुसात असली तरी पोटावर ऐकू येते. म्हणून ती पद्धत बंद झाली. आता नळीतला थोडा द्रव ओढून आम्लतेच्या पट्टीवर तपासायचा आणि शंका आली तर एक्स-रे. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीने गुडगुड ऐकली आणि दूध सोडलं. वॉर्डच्या सिस्टर शेजारच्या खाटेशी अडकल्या होत्या. दूध फुप्फुसात गेलं.

त्या मुलीला हे शिकवलं आपल्या बारकीने. तीच बारकी, माझी विद्यार्थिनी. आपल्याकडे जेवायला यायची आणि तुम्ही तिला विचारायचात, जेवलीस की ताटाची नुसती ओळख करून घेतलीस. ती आता नर्सिंग स्कूलमध्ये टीचर आहे. पुढच्या गुरुवारी तिची चौकशी. दोष तिच्यावर आला तर नोंदणी स्थगित होईल, मग तिला ना शिकवता येईल ना वॉर्डात उभं राहता येईल.

आणि तिने शिकवलं कुठून? आपल्या परिचारिका संघटनेच्या वेबसाईटवरून, तुम्ही जी नव्याने बांधताय तीच. ‘शिक्षिकांसाठी’ या भागात नवीन कागदही आहे आणि जुनाही. बारकी म्हणते, तिने ‘नळी’ असं शोधलं तर जुनाच समोर आला. मी परवा शोधून पाहिलं, मलाही जुनाच आला.

नव्या साईटवर तुम्ही फोटोतली जी हसरी परिचारिका लावलीय, तिच्याबद्दल पुढे बोलू. तिने स्टेथोस्कोप उलटा घातलाय आणि ड्युटीवर इतकं हसायला आमच्यात कुणाला वेळ नसतो. सध्या ते राहू द्या. नळीची जुनी पानं सोमवारच्या आत काढा. सगळी. कुठे कुठे आहेत ते तुम्हालाच सापडेल.

बेल झाली. वर्गावर चालले.

वहिनी


६ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनी,

काल दुपारी पानं काढली. तीन ठिकाणी होती. खात्री करून घेतली, आता ‘नळी’ शोधलं की एकच कागद येतो, नवा.

आजोबांचं ऐकून बरं वाटलं.

जुना कागद आधी का यायचा तेही पाहून ठेवलं. साईटवरचा शोध जे पान लोकांनी जास्त उघडलंय ते वर आणतो. जुनं पान वर्षानुवर्षं उघडलं गेलं, त्यामुळे ते वरच राहिलं आणि वर राहिलं म्हणून पुन्हा तेच उघडलं गेलं. नव्या कागदाला तुमच्या समितीने नाव दिलंय ‘जठरनलिका स्थाननिश्चिती कार्यपद्धती’. वहिनी, हे नाव जगात कोण टाइप करणार? लोक ‘नळी’ शोधतात, ‘राईल्स’ शोधतात, एकीने तर ‘नाकातलं’ एवढंच शोधलं होतं. नवा कागद साईटवर होता, पण तळघराला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकावी तसा होता.

तुमच्या अध्यक्षबाईंचा फोन आला होता. काम वेळेत झालं म्हणून खूश होत्या. मला उशीर न करण्याबद्दल शाबासकी मिळाली. अशी शाबासकी आयुष्यात पहिल्यांदा मिळाली आणि ती अंगाला लागली नाही.

हसरी बाई उतरवतो. बाकी भागांचं काम चालू आहे, पण बसवत नाही. खाली शिंप्याच्या दुकानात मशिनं चालू असतात आणि वर मी खुर्चीवरून उठतो, खिडकीपाशी जातो, परत येतो.

बारकीचं आता काय होईल, हे विचारणार नव्हतो. विचारतोय.

तुमचा,
भावजी


८ फेब्रुवारी, शनिवार

भावजी,

काढलीत तर पाठवली का नाहीत? मी दोन दिवस मेल उघडून बघतेय. छापून घ्यायची आहेत. चौकशी समितीसमोर कागद टेबलावर ठेवायचा आहे, तोंडी कोण ऐकतं. तिन्ही ठिकाणची वेगवेगळी पाठवा आणि कोणतं पान कधी चढवलं ते प्रत्येकावर लिहा.

तुम्ही ‘बसवत नाही’ लिहिलंत ते वाचून दादा म्हणाले, त्याच्या डोळ्यांचा नंबर वाढला असेल. मला वाटतं दमला आहात. हे एवढं संपलं की चार दिवस या इकडे.

पण अध्यक्ष मॅडमचा फोन तुम्हाला कशाला आला? बुधवारी मीच त्यांना सांगितलं होतं की भावजींना जुनी पानं काढायला सांगितली आहेत. त्या म्हणाल्या, शहाण्या आहात. मला जरा नवल वाटलं होतं, कारण चौकशीपुढे कागद ठेवायला त्या इतक्या सहज तयार होतील असं वाटलं नव्हतं. तुम्हाला त्या नक्की काय म्हणाल्या? शब्दन् शब्द लिहा.

बारकी आमच्याकडेच आहे. तिच्या खोलीवर एकटी राहायला नको म्हणून आणलं. कपाटातले कपडे काढून घडी घालते, परत ठेवते, परत काढते.

वहिनी


९ फेब्रुवारी, रविवार

वहिनी,

पाठवायला माझ्याकडे काही नाही. मी ती पानं काढून टाकली.

शब्दन् शब्द मागितलात. तुमचं पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, पानं काढायच्या आधीच, मॅडमचा पहिला फोन आला. म्हणाल्या, “वहिनींनी कळवलंच आहे तुम्हाला. ती पानं काढा. मुळापासून काढा, तुमच्याकडच्या प्रतींमधूनसुद्धा.” मी विचारलं, चौकशी चालू आहे ना? त्या म्हणाल्या, म्हणूनच. मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. ‘सोमवारच्या आत काढा. सगळी.’ दोघींचं एकच दिसलं.

साईट ठेवणाऱ्या कंपनीला काल फोन केला. त्यांच्याकडे मागची प्रत असते, पण नवीन बांधणी चढवली की तिच्यावर नवीच येते, आणि ती मी शुक्रवारी चढवली. सभासदांपुरतं पान असल्यामुळे बाहेर कुठे त्याची सावलीही राहिलेली नाही. कंपनीतला माणूस म्हणाला, फारच स्वच्छ काम केलंय तुम्ही.

मला वाटलं होतं की तुम्ही संघटनेला वाचवताय. बारकीचं ऐकून वाईट वाटतंय म्हणून लिहिताय, पण शेवटी संघटनेच्या बाजूने उभ्या आहात. असं वाटलं आणि तरी मी ते केलं, कारण सांगणाऱ्या तुम्ही होतात.

आता काय करता येईल ते सांगा. नाही सांगितलंत तरी मी काहीतरी करणार आहे.

भावजी


१० फेब्रुवारी, सोमवार

भावजी,

वॉर्डात आम्ही रक्त काढतो, सलाईन काढतो, टाके काढतो आणि केसपेपर काढतो. रक्त काढलं तर ते नळीत भरून लॅबला जातं. टाके काढले तर कचऱ्यात जातात. केसपेपर काढा म्हटलं तर एकही मुलगी तो फाडून टाकत नाही, ती कपाटातून काढून टेबलावर आणून ठेवते. माझ्या तोंडात तेच बसलंय. पानं काढा म्हणजे समोर आणा. पंचवीस वर्षांची ही बोली मी तुम्हाला अर्ध्या ओळीत लिहून वर्गावर पळाले. एक शब्द जास्त लिहायचा होता.

पण तुमचंही सांगते. तुम्ही माझ्याबद्दल तसं वाटून घेतलंत, आणि वाटूनही हात चालवलात. यातलं जास्त वाईट कोणतं ते मला ठरवता येत नाही. मला एक फोन केला असतात तर मी काय झोडपलं असतं का? झोडपलं असतं बहुतेक. तरी करायला हवा होतात.

आज मॅडमना भेटले. त्या चिडल्या नाहीत, चहा मागवला. त्यांना माझा अर्थ कळला होता की नव्हता, ते विचारलं. त्या म्हणाल्या की दोन्ही अर्थांनी शब्द बरोबरच होता. मग म्हणाल्या, “संघटना हजारो जणींची आहे. वेबसाईटमुळे पेशंट दगावता दगावता राहिला असं छापून आलं तर उद्या आपलं कोण ऐकेल? एक मुलगी दुसरीकडे काहीतरी शोधेल. तरुण आहे.” त्या दुष्ट बाई नाहीत, भावजी. आम्हाला रात्रपाळीनंतरची सुट्टी त्यांनीच भांडून मिळवून दिली. म्हणूनच मला तिथे बसवेना. चहा तसाच ठेवून उठले.

बारकीच्या शाळेत सराव-खोलीच्या भिंतीवर तो जुना कागद होता. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी तो उतरवला आणि आता म्हणतात, असा कागद आमच्याकडे कधी नव्हताच. तिच्या फोनमध्येही नाही. काल संध्याकाळी ती मला म्हणाली, “टीचर, पानावर होतं तेच मी शिकवलं. पण सगळे नाही म्हणतायत तर मलाच आता शंका येते, मी ते वाचलं होतं की मला तसं वाटलं.”

तिला मी काय सांगू? मी स्वतः पाहिलं होतं, हे सांगितलं. तर म्हणते, तुम्ही माझ्यावर माया करता म्हणून म्हणताय.

चौकशी परवा नाही तेरवा.

वहिनी


११ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनी,

माफी वगैरे तिथे आल्यावर मागेन, समोर उभं राहून. आज वेळ नाही.

काल तुमचं पत्र वाचून बाहेर पडलो ते सरळ इथल्या नर्सिंग स्कूलमध्ये गेलो. ही साईट मी चार महिने बांधतोय आणि जिच्यासाठी बांधतोय तशी एकही शिक्षिका मी कामावर असताना पाहिली नव्हती. तुमच्याशी बोललो, मॅडमशी बोललो, रंग ठरवले, बटणं गोल करायची की चौकोनी यावर दोन बैठका घेतल्या.

तिथल्या टीचरनी मला सराव-खोली दाखवली. दोन खाटा, एक रबरी पेशंट, त्याचा डावा पाय कुठेतरी दुसऱ्या वर्गात गेलेला. खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला, फोनला तिथे रेंज नाही. मी त्यांना विचारलं की वेबसाईट किती वेळा बघता. म्हणाल्या, सत्राच्या सुरुवातीला एकदा. कार्यालयातल्या संगणकावर लागतील ते कागद छापायचे, प्लास्टिकमध्ये घालायचे आणि भिंतीला लावायचे. पुढे मुली भिंत वाचतात. मी म्हटलं, मग मध्ये काही बदललं तर कसं कळतं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना रबरी माणसाचं वय विचारलं होतं. “कळवतं कोण?” म्हणाल्या.

आणि भिंतीवर तो कागद होता. हवा सोडा, आवाज ऐका. खाली बारीक अक्षरात संघटनेचं नाव आणि छापल्याची तारीख, ती साईट आपोआप घालते. तारीख यंदाच्या सत्राची आहे. नवा कागद चढवल्यानंतरची. म्हणजे बारकीला जे मिळालं तेच या बाईंनाही मिळालं, त्याच साईटवरून, त्याच दिवसांत.

या टीचरांचा फोनवर एक ग्रुप आहे. तुमची खरी वेबसाईट तीच आहे, वहिनी, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी तिथे विचारलं, कुणाच्या भिंतीवर हा कागद आहे का, असेल तर खालच्या ओळीसकट फोटो पाठवा. आज सकाळपासून फोटो येतायत. हिरवी भिंत, पिवळी भिंत, एका ठिकाणी फळ्याच्या चौकटीत खोचलेला. सगळे सोबत जोडलेत. छापून घ्या आणि टेबलावर ठेवा.

एका फोटोत मागे वर्ग चालू आहे. मुली खाटेभोवती उभ्या आहेत आणि एकीच्या हातात सिरिंज आहे.

पुरावा पुष्कळ झाला. पण जितका पुरावा आहे तितक्या ठिकाणी तो कागद आजही शिकवला जातोय. गुरुवारपर्यंत थांबलो तर आपल्याला बरं, मॅडमना आधी सुगावा लागणार नाही, पण बुधवारी कुठल्यातरी वॉर्डात एखादी मुलगी गुडगुड ऐकेल. साईटवर सूचना लावून सगळ्या सभासदांना पाठवता येते. ती लावायला शिक्षण विभागाच्या चिटणिसाचा लेखी होकार लागतो. चिटणीस तुम्ही आहात. मॅडमना विचारायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

या वेळी एक शब्द जास्त लिहा.

भावजी


१२ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ

भावजी,

फोटो बारकीला दाखवले. ती एकेक भिंत बघत गेली आणि मग हात धुवायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आली नाही. आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? तो सिरिंजवाला वर्ग कोणत्या शाळेचा आहे. त्या टीचरना तिने स्वतः फोन करून थांबवलं. आपलं काय होणार हे अजून विचारलेलं नाही.

हा माझा लेखी होकार समजा. खालची सूचना आत्ता लगेच, कुणालाही न विचारता, पहिल्या पानावर लावा आणि प्रत्येक सभासदाला पाठवा. मजकुरात एकही शब्द बदलू नका. जठरनलिका वगैरे घालू नका.

‘नाकातली नळी (राईल्स): हवा सोडून आवाज ऐकण्याची पद्धत बंद झाली आहे. नळीतला द्रव आम्लतेच्या पट्टीवर तपासा. द्रव आला नाही किंवा शंका असली तर एक्स-रे होईपर्यंत काहीही देऊ नका. भिंतीवर जुना कागद असेल तर त्याचा फोटो आम्हाला पाठवा आणि कागद आज फाडा. तो कागद तुम्हाला आमच्याच वेबसाईटवरून मिळाला होता.’

शेवटच्या वाक्यावर दादा म्हणाले, एवढं लिहायची गरज आहे का. आहे. फाडायला लावायचं तर कुणाचा कागद फाडतोय ते सांगायला हवं, नाहीतर बाया म्हणतील, संघटनेचा आहे, राहू दे.

वहिनी


१२ फेब्रुवारी, बुधवार, दुपार

वहिनी,

लावली. गेली. अर्ध्या तासात मॅडमचा फोन. या वेळी त्या ‘काढा’ म्हणाल्या तेव्हा मी विचारलं, कोणत्या अर्थाने? त्यांनी फोन ठेवला. मग पत्र आलं, सूचना उतरवावी, अन्यथा साईटचं काम दुसऱ्याला देण्यात येईल. मी कळवलं की चिटणिसांचा होकार लेखी आहे, आता उतरवायलाही लेखीच लागेल, आणि तो त्यांच्या सहीचा लागेल, तारखेसकट. त्यावर अजून उत्तर नाही.

फाटलेल्या कागदांचे फोटो येतायत. एकीने विचारलंय, रक्तदाबाच्या कागदाचंही असंच काही आहे का? दुसरीने इंजेक्शनच्या जागेबद्दल विचारलंय. मला यातलं काही कळत नाही. सगळे प्रश्न एका पानावर ठेवतोय, ज्यांना कळतं त्यांनी बसून उत्तरं द्यायची. साईट माझ्या हातात राहिली तर यापुढे प्रत्येक कागदावर, छापतानाच, मोठ्या अक्षरात येईल की हा कुठवर वापरायचा. बदलला की फोनवर निरोप. बटणं चौकोनीच राहू द्या.

उद्या पहाटेच्या गाडीने निघतोय. चौकशीच्या दाराबाहेर थांबेन.

भावजी


१२ फेब्रुवारी, बुधवार, संध्याकाळ

भावजी,

चौकशी उद्या दहा वाजता, हे समितीच्या कारकुनाने आत्ता फोनवर पक्कं केलं. जागा जुन्या इमारतीचा वरचा मजला. मॅडम संघटनेतर्फे येणार आहेत. शनिवारी कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावलीय, विषय एकच, चिटणीस, म्हणजे मी. दादांनी माझी साडी इस्त्री केली आणि काठाला चटका लावला. ओरडले नाही, दुसरी साडी काढली.

बारकीला मी सांगितलं की सुटशील असं मी म्हणणार नाही. मुलीने दूध सोडलं तेव्हा बारकी स्वतः वॉर्डात नव्हती, ते का, हा प्रश्न येणार, आणि त्याला भिंतीचे फोटो उत्तर नाहीत. ती म्हणाली, “त्याचं मी सांगेन. तेवढं माझं आहे.” आता ती पुढच्या खोलीत फेऱ्या मारतेय, मी या खोलीत. मध्ये दार उघडं आहे.

कारकून म्हणाला, क्रम ठरलाय. आधी मला आत घेतील. फोटो टेबलावर ठेवले की पहिला प्रश्न येईल, हा कागद कुणाचा. मॅडम समोरच बसलेल्या असतील. मी म्हणेन, आमचा. मग मला बाहेर पाठवतील आणि बारकीला बोलावतील.

वहिनी